कवळीवाल्याचं बॉम्बर

काकांच्या तोंडात एकही दात नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस तिथेच अडखळायचा. पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांची लॅब होती. बाहेर पाटी, ‘कवळ्या बनवून व दुरुस्त करून मिळतील’. आत प्लास्टरने पांढरा झालेला ॲप्रन घालून, पूर्ण बोळक्या तोंडाचा एक म्हातारा बसलेला. गिऱ्हाईक एकदा पाटीकडे बघणार, एकदा त्यांच्या तोंडाकडे. एखादा धीट असला तर विचारणारच, “काका, तुमची स्वतःची कवळी कुठंय?”

“हलवायाला कधी पेढा खाताना बघितलंय का?”

“हो, बघितलंय की.”

“मग तो लबाड हाय. दुसरा हलवाई बघा.”

आणि हे बोलता बोलता हिरड्यांनीच शेव खायचे. नुसती नाही, तिखट. त्यांच्या हिरड्या इतक्या टणक झाल्या होत्या की ऊस सोडून बाकी सगळं चालायचं. काकू म्हणायच्या, “लग्नात यांना बत्तीस होते हो. मी काही बोलले की एकेक गिळत गेले.”

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. गाव सटाण्याच्या पलीकडचं. नववीत शाळा सोडलेली. सिन्नरला एका कारखान्यात कंत्राटावर होतो, ते कंत्राट संपलं. गावाकडे परत जायचं तोंड नव्हतं. कुणीतरी सांगितलं, पंचवटीत एक म्हातारा माणूस शोधतोय, पण कुणी टिकत नाही. मी दारात उभा राहिलो. त्यांनी वर न बघता विचारलं, “शिक्षण?”

“नववी.”

“पास?”

“परीक्षेला बसलोच नाही.”

“बरं केलंस. बसून नापास झाला असतास तर सवय लागली असती.”

तेव्हापासून माझं नाव नववी. “ए नववी, प्लास्टर कालव.” “नववी, मेण गरम झालं का बघ.” बोळातला चहावालासुद्धा मला नववीभाऊ म्हणायला लागला. माझं खरं नाव काकांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मी फार घाबरट माणूस आहे. आजही आहे. तेव्हा तर रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज हे मला काढणार. एखादा साचा फुटला की मी मनातल्या मनात पिशवी भरायला घ्यायचो. आईचा फोन यायचा, अहिराणीत, “जेवना का? बरं शे ना?” मी म्हणायचो, बरं आहे, दात करायला शिकतोय. ती घाबरून विचारायची, “दात? कोना दात?” मला ते तिला कधी नीट समजावता आलं नाही. तिला वाटायचं, मी मेलेल्या माणसांचे दात काढतो की काय.

काकांना मी काढून टाकले जाण्याची भीती बोलून दाखवली एकदा. ते म्हणाले, “काढायचा असता तर ठेवलाच नसता. काढायचं काम दातांच्या डॉक्टरचं. आपण बसवणारे.”

*

पंचवटीत कवळ्या करायच्या म्हणजे निम्मं गिऱ्हाईक गुरुजी लोकांचं. घाटावर सकाळपासून बोलायचं, तेही संस्कृत. त्यात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ आणि काय काय. कवळी जराशी सैल झाली की मंत्राबरोबर शिट्टी वाजते, आणि यजमानाची श्रद्धा डळमळते. म्हणून काकांची एक पद्धत होती, ती मी पुढे कुठल्याच लॅबमध्ये पाहिली नाही. मेणात दात लावून झाले की ते गुरुजींना खुर्चीत बसवायचे, मेणाची कवळी तोंडात द्यायचे आणि म्हणायचे, “हं, संकल्प सोडा.”

गुरुजी म्हणायला लागायचे. काका डोळे मिटून ऐकायचे. मधेच बोट वर. “थांबा. ‘उत्तरे तीरे’ला हवा जातीय.” लगेच मेण गरम करून वरचा पुढचा दात किंचित आत. पुन्हा म्हणा. पुन्हा बोट. असं करत करत काकांना अख्खा संकल्प पाठ झाला होता, आणि सायखेड्याच्या शेतकऱ्याच्या या मुलाने अनेक गुरुजींना मधे सुटलेला शब्द सांगितलेला मी पाहिला आहे. एक गुरुजी चिडून म्हणाले, “काका, तुम्ही दातांचं बघा, मंत्राचं आम्ही बघतो.”

“तुमचं तुम्हीच बघा. पण घाटावर जेवढे मंत्र चालतात त्यातले निम्मे माझ्या दातांतनं येत्यात. पुण्याचा निम्मा वाटा इकडं बी ठेवा.”

त्यांना देवाबद्दल काही तक्रार नव्हती. फक्त एवढंच म्हणायचे की देवाने माणूस घडवताना दात हे काम घाईत उरकलं. “एकदा येत्यात, पडत्यात, पुन्हा येत्यात, पुन्हा पडत्यात. मिस्त्रीने असं काम केलं असतं तर त्याला घराबाहेर काढला असता.”

मला मात्र त्यांनी एक गोष्ट रोज ऐकवली. कवळीची बाहेरची बाजू चमकवायची असते, आतली कधीच नाही. आतली बाजू हिरडीवर बसते, तिथे जरा घासलं की माप गेलं. “बाहेरची बाजू जगासाठी. आतली हिरडीसाठी. जग फसतं रे, हिरडी फसत नाय.” नवीन कवळी हातात घेतली की ते पुढचे दात बघायचेच नाहीत, थेट उलटी करून आत अंगठा फिरवायचे. मलाही तीच खोड लागली आहे.

*

आमचं बरंचसं काम एका डॉक्टरकडून यायचं. कॉलेज रोडला त्यांचा मोठा दवाखाना होता. चाळिशीचे, सभ्य, काकांना वाकून नमस्कार करणारे. त्यांना एक छंद होता, प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडण्याचा. त्यांच्यासारखेच चार-पाच हौशी मिळून दरवर्षी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचे.

उन्हाळ्यात एक दिवस मी तयार कवळ्या द्यायला दवाखान्यात गेलो, तर तिथली रिसेप्शनवाली मुलगी हळूच म्हणाली, “दादा, दुसरं काही बघून ठेवा. सर मशीन घेतायत. कॉम्प्युटरवर दात होणार आता. सर म्हणत होते, काकांचा हात थरथरतो.”

मी परत आलो तो तोंड पाडूनच. तिसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, “नववी, तुझं तोंड असं झालंय जसं प्लास्टरमध्ये दगड सापडला. बोल.”

सांगितलं. हात थरथरण्याचंही सांगितलं. काकांनी समोरची सुरी उचलली, मेणाचा तुकडा कापला. हात थरथरत होता. खरंच थरथरत होता. सकाळचा चहा होईपर्यंत रोज थरथरायचा, हे मला माहीत होतं, फक्त मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः आले, हातात खोकं. आत अर्धवट जोडलेलं विमान, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. पंख पसरले तर काकांच्या टेबलावर मावेना. काचेच्या छतावर एक चरा पडला होता, तो डॉक्टरांना आमच्या बफच्या चाकावर पॉलिश करून घालवायचा होता. बोलता बोलता म्हणाले, “कॉकपिटचे सगळे सुटे भाग हरवले हो, काका. कामवाल्या मावशींनी कचऱ्यात टाकले असणार. आता तयार सेट परदेशातून मागवायचा. खुर्ची, पट्टे, घड्याळं, सगळं येतं.”

“मागवता कशाला? मी काय मेलोय?”

डॉक्टर हसले. “काका, फार बारीक काम आहे हो ते.” आणि त्यांची नजर एक क्षण काकांच्या हातावर गेली. काकांनी हात ॲप्रनच्या खिशात घातला.

“प्रदर्शन कधी?”

“दिवाळीनंतर.”

“ठेवून जा.”

डॉक्टर गेल्यावर काका त्या खोक्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “बघ नववी. मशीन आणायची का नाय ते डॉक्टर ठरवील. पण हात चालतो का नाय, ते आता त्याच्याच विमानात ठरू दे. हे जमलं तर लॅब राहील. नाय जमलं तर मी सायखेड्याला जाऊन द्राक्षं मोजतो आणि तू...” पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मी रात्रभर ते वाक्य स्वतः पूर्ण करत राहिलो.

*

डॉक्टरांनी माहितीचे चार कागद छापून दिले होते. काकांनी ते चष्म्यातून, भिंगातून आणि चष्म्यावर भिंग लावून वाचले. या विमानात सात माणसं बसायची, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “आणि एवढा लांब पल्ला? मग संडास?”

मी कागद बघितला. होता. शेपटीकडे, एक डबा.

“मग आधी तो करू.”

“काका, तो कॉकपिटमध्ये नाही. विमान बंद केल्यावर दिसणारसुद्धा नाही.”

“माणसाला लागणार तर आहे ना?”

आणि त्या बॉम्बरमधली पहिली तयार झालेली वस्तू संडास होती. एक कोरी दाढ घेऊन ती वरून पोखरली, झाकण बसवलं, तारेचं हँडल लावलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती शेपटीत चिकटवून काकांनी हात जोडले आणि म्हणाले, “श्रीगणेशा झाला.”

बाकी सगळं आमच्याच सामानातून आलं. खुर्ची कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकची. स्टिअरिंग दाताला अडकवायच्या आकड्याच्या तारेचं. दाताच्या एक्स-रेच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो, डॉक्टर लोक तो फेकून देतात. त्याच्या पट्ट्या कापून खुर्चीचे पट्टे केले. शिसं मऊ, त्यामुळे पट्टा खरंच कुणीतरी नुकताच काढून ठेवल्यासारखा लोंबायचा. घड्याळांची पाटी आधी पांढरी रंगवली, वर काळा रंग, आणि मग सुईने काळा खरवडून एकेक काटा पांढरा काढला. प्रत्येक घड्याळावर काकूंच्या नेलपॉलिशचा, बिनरंगी, एकेक थेंब. तो वाळला की काच.

काटे काढताना काका बोलायचे नाहीत. टेबलाला एक लाकडी खुंटी होती, तिच्यावर मनगट टेकवायचे. श्वास आत घ्यायचे. हात थरथरतोय. श्वास सोडायचे. थरथरतोय. आणि मग दोन श्वासांच्या मधे कुठेतरी एक लहानशी जागा यायची, तेव्हा हात दगडासारखा. तेवढ्यात एक काटा. मग पुन्हा वाट. मधेच बाहेरून कुणी “काकाऽ” म्हणून हाक मारली की अशी शिवी द्यायचे की समोरचे गुरुजी घाटापर्यंत कानांवर हात ठेवून जायचे.

त्या सगळ्या दिवसांत कवळ्यांचं काम मीच केलं. दुसरं कुणी नव्हतंच. काका लक्ष द्यायचे नाहीत, म्हणजे तसं दाखवायचे. मी कवळी साच्याच्या पितळी डब्यातून काढली की तिकडे विमानात डोकं खुपसलेलं असताना हात मागे करायचे, मी कवळी हातात द्यायची, अंगठा आतून फिरायचा. “डावीकडं खडा राहिलाय.” परत. मला वाटायचं, हा माणूस मला छळतोय. तो मला कारागीर करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

रंग देण्याआधी ते कॉकपिट बघण्यासारखं होतं. सगळं गुलाबी. मधे खुर्ची, बाजूला भिंती, नाक आमच्याकडे करून ठेवलेलं. उघड्या तोंडासारखं दिसायचं. काका म्हणाले, “आ कर बाळा, आ कर.” आणि हसले. मीही हसलो. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक दिवस त्यांच्या मिशीला गुलाबी लगदा लागलेला दिसला. माप घेण्याचा, पेपरमिंटच्या वासाचा. विचारलं तर म्हणाले, “वैमानिकाचं माप घेतलं.” मी म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

*

प्रदर्शनाच्या सकाळी मी विमान रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो. काका घरातून बाहेर आले आणि मी ओळखलंच नाही. गाल भरलेले. हनुवटी खाली आलेली. दहा वर्षांनी तरुण. ते हसले आणि तोंडात दात होते.

“काका!”

“बोळकं घेऊन गेलो असतो, तर लोकांनी विमान सोडून माझ्याकडेच पाहिलं असतं,” ते म्हणाले. आणि मी दुसऱ्यांदा चाट पडलो, कारण दातांबरोबर त्यांची भाषाही बदलली होती. ‘हाय’चं ‘आहे’, ‘नाय’चं ‘नाही’. वाटेत रिक्षावाल्याला म्हणाले, “जरा सावकाश घ्या, कृपया.” कृपया! पंचवटीच्या पुलावर रिक्षावाल्याने मागे वळून खात्री करून घेतली.

हॉलमध्ये टेबलांवर विमानं, रणगाडे, जहाजं. आमचं बॉम्बर मधल्या टेबलावर, नाक लोकांकडे करून. डॉक्टर आले. त्यांनी पेनएवढी बॅटरी काढली, वाकले आणि काचेतून आत प्रकाश टाकला. तो एकेका घड्याळावरून फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आमची लॅब त्या चेहऱ्यावर होती.

“पट्टे कशाचे केलेत?”

“एक्स-रेच्या पाकिटाचे,” काका म्हणाले, दातांतून, स्वच्छ.

“आणि काटे... हे हाताने?”

“पायाने जमत नाही.”

डॉक्टर हसले. मला वाटलं, झालं, वाचलो. तेवढ्यात परीक्षक आले. हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, ताठ, पांढऱ्या मिशा. त्यांनी तीच बॅटरी घेतली, विमानाला वळसा घालून मागे शेपटीकडे गेले आणि तिथून वाकून पुढे बघितलं. मग सरळ झाले.

“काम अप्रतिम आहे. पण पायलटची सीट उलट्या बाजूला आहे. आणि फक्त सीट नाही, सगळंच. थ्रॉटल, इंजिनिअरची पाटी. आरशात पाहिल्यासारखं. पायलट डावीकडे बसतो.”

“डावीकडेच आहे,” काका म्हणाले. त्यांनी नाकासमोर उभं राहून दाखवलं. “ही काय डावी.”

“ही तुमची डावी. विमानाची उजवी.”

“थांबा थांबा,” डॉक्टर मधे पडले. त्यांनी नकाशाचा कागद आणला, विमानाच्या नाकासमोर धरला. “चित्रात सीट डावीकडे आहे. इथेही डावीकडे आहे. काका बरोबर आहेत.”

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “डॉक्टर, चित्रात नाक वरच्या बाजूला आहे. तुम्ही ते नाक तुमच्याकडे आहे असं समजून वाचताय. असं कोण वाचतं?”

डॉक्टरांनी कागद खाली घेतला. मला त्यांच्या तोंडावर ते कळलेलं दिसलं. दवाखान्यातले दातांचे तक्ते तसेच असतात. कागदाची डावी म्हणजे पेशंटची उजवी. पेशंट समोर बसलेला असतो, तोंड आपल्याकडे करून. काकांच्या टेबलावर प्रत्येक साचा पुढचे दात आपल्याकडे करूनच ठेवलेला असायचा, आणि मी त्यांच्याकडे लागलो त्याच्याही कितीतरी आधीपासून. विमानसुद्धा त्यांनी तसंच ठेवलं होतं. आ कर बाळा, आ कर.

डॉक्टर हळूच म्हणाले, “सर, आमच्याकडे पेशंट नेहमी समोरून येतो.”

“पायलट समोरून येत नाही,” परीक्षक म्हणाले. “तो मागून येतो, आणि बसतो.”

आजूबाजूला हसू फुटलं. दोन-तीन पोरांनी मोबाइल काढले. काका लाल झाले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दातांतून शब्द नीट येईनात. नवी कवळी, तिला रागाची सवय नव्हती. मग त्यांनी सगळ्या हॉलसमोर दोन्ही कवळ्या काढल्या, विमानाच्या पंखाशेजारी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले,

“दात लावून भांडता येत नाय! आता ऐका. सीट उलटी असंल. मी म्हणतो असंल! पण आत संडास हाय, आणि तो शेपटीकडंच हाय! पुढचं-मागचं मला कळतं!”

आता हॉल मोकळेपणाने हसत होता. परीक्षकसुद्धा. मला मात्र रडू येत होतं. मला वाटलं, संपलं. लॅब गेली, काम गेलं, सटाण्याची बस.

तेवढ्यात माझं लक्ष डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी टेबलावरची वरची कवळी उचलली होती. ठरवून नाही, सवयीने. दातांच्या डॉक्टरला टेबलावर कवळी दिसली की तो उचलतोच. त्यांनी ती उलटी केली. पुढचे दात पाहिले नाहीत. आतून अंगठा फिरवला. मग परीक्षकांच्या हातातली बॅटरी घेतली, जी मघाशी विमानात मारली होती, आणि ती कवळीत मारली.

“काका, ही कोणी केली?”

“मी. दुसरं कोण करणार? हे पायलटसाहेब?”

“कधी?”

“विमान बंद केल्यावर. याच आठवड्यात.”

“माप?”

“माझ्याच तोंडाचं. मीच घेतलं. आरशात बघून.” आणि मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “आरशात बघूनही हिरडी काही उलटी झाली नाय, बघा.”

डॉक्टर हसले नाहीत. कवळी अजून हातात होती. त्यांनी ती रुमालात धरून काकांना परत दिली, दोन्ही हातांनी, प्रसादासारखी. आणि हळू आवाजात म्हणाले, “मशीन तर येणार, काका. कॅप, ब्रिज मशीनवर होतील. पण पूर्ण कवळ्या तुमच्याकडेच.”

काकांनी कवळी तोंडात बसवली, दात एकदा कचकन मिटून पाहिले आणि म्हणाले, “उपकार मानतो.” दातांची भाषा परत आली होती. मग माझ्याकडे बोट केलं. “आणि त्या मशीनवर या नववीला बसवा. उन्हाळ्यापासून तुम्ही पेशंटना बसवताय त्या कवळ्या याच्याच आहेत.”

बक्षीस एका शाळकरी मुलीच्या रणगाड्याला मिळालं. काका तिला म्हणाले, “बेटा, ह्यात संडास नाही. पुढच्या वर्षी लक्षात ठेव.”

*

ते बॉम्बर लॅबमध्ये वरच्या फळीवर राहिलं, नाक खुर्चीकडे करून. काकांनी सीट कधी बदलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हितनं बघा, समोरून. बरोबर हाय.” ते मिशीवाले परीक्षक, विंग कमांडरसाहेब, दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा स्वतःच्या खालच्या कवळीसाठी. काकांनी त्यांनाही खुर्चीत बसवून संकल्प म्हणायला लावला. येत नव्हता, तर राष्ट्रगीत म्हणायला लावलं. उभं राहून.

मी डॉक्टरांच्या मशीनवर शिकलो. सकाळी कॉम्प्युटर, दुपारी काकांकडे प्लास्टर. पुढे डॉक्टरांच्याच ओळखीने मस्कतच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. काका म्हणाले, “जा. तिकडं बी माणसं म्हातारी होत्यात.”

मुंबईच्या विमानतळावर मी तिकीट चार वेळा काढून तपासलं. आयुष्यात कधी विमानात बसलो नव्हतो. जवळून एकच विमान पाहिलं होतं, तेही माझ्या मांडीवर. गेटजवळच्या मोठ्या काचेतून बघितलं तर आमचं विमान अगदी समोर, नाक आमच्याकडे करून उभं. पुढच्या काचेत एकच माणूस बसलेला दिसत होता. माझ्या उजवीकडे. काकांच्या विमानात पायलटची सीट समोरून बघितली की डावीकडे असायची. इतकी वर्षं लॅबमधल्या खुर्चीवरून मी तीच पाहत आलो होतो. बाकी सगळं मला माहीत होतं, परीक्षक काय म्हणाले तेही ऐकलं होतं, पण भीतीपुढे डोकं चालत नाही. मी काकांना फोन लावला.

“काका, पायलट चुकीच्या बाजूला बसलाय.”

तिकडे बफची मोटार चालू होती, ती त्यांनी बंद केली.

“तू समोरून बघतोयस ना?”

“हो.”

“मग तो बरोबर बसलाय, नववी. माझाच उलटा बसला होता.” मोटार पुन्हा चालू केली. “जा. आत जाऊन बस. काही होत नाय.”

मी हुं म्हटलं. फोन ठेवणार, तेवढ्यात तिकडून आवाज आला,

“आणि हे त्या मिशीवाल्याला सांगितलंस ना, तर तिथं येऊन दात पाडीन तुझे. नवे बी बसवणार नाय.”